दोन दांड्यांचे जुने ट्रक: गिअर बदलण्याचे गणित आणि हाताची शिस्त

डोंगरवाट (धागाकर्ता)

अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत बनलेल्या अनेक अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये चालकाच्या उजव्या हाताला गिअरच्या दोन दांड्या दिसतात. एक दांडी मुख्य गिअरबॉक्सची असते आणि दुसरी त्याच्या मागे जोडलेल्या सहायक गिअरबॉक्सची. मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनच्या परिसरात असे ट्रक जपणारे बरेच लोक आहेत, कारण ट्रक बनवणाऱ्या मॅक कंपनीचे हे जुने गाव आहे. त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला त्यांचा मॅक बी-६१ ट्रक चालवायला शिकवला. हे ट्रक चालवणे म्हणजे दोन्ही हातांनी करायची कसरत, असा समज चित्रफिती पाहून पसरला आहे. माझ्या मते हातांच्या हालचालीपेक्षा गुणोत्तरांचे गणित आधी समजून घेतले पाहिजे. ते समजले की हात आपोआप वळणावर येतात, आणि ते न समजता केलेली हालचाल गिअरच्या दातांवर निघते.

दोन दांड्यांची गरज का पडली, ते आधी पाहू. मॅकची बी मालिका १९५३ पासून १९६६ पर्यंत बनली आणि तिचे सव्वा लाखाहून अधिक ट्रक रस्त्यावर आले. त्यांतील ईएनडी-६७३ या डिझेल इंजिनाची ताकद १७० अश्वशक्ती होती. १९५६ च्या केंद्रीय महामार्ग कायद्याने आंतरराज्य मार्गांवर ७३,२८० पौंड, म्हणजे सुमारे ३३ टन एकूण वजनाची मर्यादा घातली. याचा अर्थ, भरलेल्या गाडीत दर टनामागे जेमतेम पाच अश्वशक्ती मिळत असे. आजचा साडेचारशे-पाचशे अश्वशक्तीचा ट्रक ३६ टनांना ओढतो, तेव्हा टनामागे बारा-तेरा अश्वशक्ती हाताशी असतात. शिवाय त्या जुन्या इंजिनांचा जोर फार अरुंद पट्ट्यात होता. मिनिटाला २,१०० फेऱ्यांच्या वर जाता येत नसे, आणि फेरे १,५०० च्या खाली घसरले की इंजिन दम टाकत असे.

आता पाच गिअरचा साधा गिअरबॉक्स घ्या आणि त्याच्या लागोपाठच्या दोन गिअरांमधले अंतर १.७ पट आहे असे समजा. तिसऱ्यात २,१०० पर्यंत गाडी ओढून चौथा टाकला, तर फेरे १,२३५ वर येतात, आणि चढावर तिथून इंजिन पुन्हा उठत नाही. म्हणून मागे तीन किंवा चार पायऱ्यांचा सहायक गिअरबॉक्स जोडला जाई. त्याच्या वापरातल्या तीन पायऱ्या १.२, १ आणि ०.८३ अशा आहेत असे धरा. त्यांना चालक अंडर, डायरेक्ट आणि ओव्हर म्हणतात. तिसरा मुख्य गिअर तसाच ठेवून केवळ सहायक दांडी अंडरवरून डायरेक्टला नेली, तर २,१०० चे फेरे १,७५० होतात. डायरेक्टवरून ओव्हरला नेली तरी तेवढाच फरक पडतो. इंजिन कायम आपल्या जोराच्या पट्ट्यात राहते.

खरी परीक्षा पुढच्या पायरीला असते. तिसरा-ओव्हर संपला की चौथा-अंडर टाकायचा असतो, आणि तिथे दोन्ही दांड्या एकाच वेळी हलवाव्या लागतात. मुख्य बॉक्समध्ये १.७ पटीने वर जायचे आणि सहायकमध्ये १.४४ पटीने खाली यायचे, म्हणजे एकूण बदल सुमारे १.१८ पट होतो. इंजिनाला २,१०० वरून केवळ १,७८० पर्यंतच उतरायचे असते. पण दोन बॉक्सांना जोडणारा जो मधला शाफ्ट आहे, त्याला त्याच क्षणी ४४ टक्क्यांनी वेगाने फिरावे लागते. नवा माणूस इंजिनाकडे लक्ष देतो आणि या मधल्या शाफ्टाला विसरतो, म्हणून सहायकचा गिअर ओरडतो.

मला शिकवलेला क्रम असा. क्लच किंचित दाबून आधी सहायक दांडी न्यूट्रलला काढायची, लगेच मुख्य दांडी तिसऱ्यातून काढून चौथ्यात घालायची, क्लच सोडायचा, आणि मग पायाने इंजिन १,७८० च्या आसपास धरून सहायक दांडी अंडरला न्यायची. चौथा टाकताना सहायक न्यूट्रलला असल्यामुळे मधला शाफ्ट चाकांपासून मोकळा असतो, त्याला फारसे वजन नसते, म्हणून गिअर सहज पडतो. क्लच सोडल्यावर तोच शाफ्ट इंजिनाच्या ताब्यात येतो आणि त्याचा वेग आपल्या पायाने ठरवता येतो. शेवटची दांडी बरोबर वेळी ढकलली तर तिच्या मुठीवर एक मऊ ठोका जाणवतो आणि आवाज मुळीच होत नाही.

हे ट्रक चालवणाऱ्या, चालवलेल्या किंवा शिकू पाहणाऱ्या सर्वांनी आपले अनुभव आणि शंका येथे मांडाव्यात.

सह्यकडा

उत्तम धागा. मी नाशिकचा आहे आणि कसारा घाटात जुने ट्रक बरीच वर्षे चालवले आहेत. आमच्याकडे दांडी एकच होती, पण सिंक्रोमेश (गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसल्यामुळे डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडत नसे. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पुन्हा दाबून पुढचा गिअर, आणि खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. तुम्ही जे मधल्या शाफ्टाचे वर्णन केले आहे, ते मला आमच्या डबल क्लचचेच वाढीव रूप वाटते. माझी समजूत बरोबर आहे का?

दुसरी शंका अशी की चढावर दोन्ही दांड्या न्यूट्रलला असताना गाडी हातची जात नाही का? घाटात एक दांडी सावरतानाच आमचे लक्ष पणाला लागत असे.

डोंगरवाट

सह्यकडा, आपली समजूत अगदी बरोबर आहे. तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की तुमच्या ट्रकात एका जागी वेग जुळवावा लागे, येथे तो दोन जागी जुळवावा लागतो. म्हणून ज्यांनी आपल्याकडच्या घाटांत डबल क्लच घोटवला आहे, त्यांना हा गिअरबॉक्स इतरांपेक्षा लवकर वश होतो, असे मला येथे भेटलेल्या मराठी आणि पंजाबी चालकांकडे पाहून वाटते.

चढाबद्दलची आपली शंका फार महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत देतो. कॅलिफोर्नियातील टेहोन खिंडीकडे जाणाऱ्या, ग्रेपव्हाइन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याचा चढ ६ टक्के आहे. अशा चढावर ताकद तुटली की भरलेल्या गाडीचा वेग दर सेकंदाला सव्वादोन ते अडीच किलोमीटर प्रति तासाने घटतो. गाडी ताशी ४० किलोमीटरने चढत असेल आणि दांड्या सावरायला तीन सेकंद लागले, तर वेग सात किलोमीटरने, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. चौथा-अंडरवरून तिसरा-ओव्हरला खाली यायचे असेल तर गुणोत्तरातला फरकही साधारण १८ टक्केच आहे. म्हणजे सपाट रस्त्यावर या बदलासाठी जी रेस द्यावी लागते, ती तीन सेकंदांच्या विलंबाने चढावर जवळजवळ लागतच नाही, कारण गाडीच तेवढी हळू झालेली असते. नवखा चालक सवयीने रेस देतो आणि गिअर पडत नाही. दरम्यान आणखी दोन सेकंद जातात, आणि आता तिसरा-ओव्हर पुरेसा पडत नाही, तिसरा-डायरेक्ट शोधावा लागतो. जुने चालक म्हणून चढावर मधली एक पायरी मुद्दाम सोडून देत आणि हात मंद असेल तर दोन सोडत. त्यांनी हे कागदावर मांडले नसेल, पण कानाने त्यांना ते ठाऊक होते.

तेलकट हात

धागाकर्त्यांच्या एका मुद्द्याशी मी अंशतः असहमत आहे. मी ओहायोत अवजड वाहनांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि असे काही बॉक्स उघडून बांधले आहेत. मुख्य दांडी आधी आणि सहायक शेवटी, हा नियम शिकणाऱ्यासाठी सर्वांत सुरक्षित आहे हे मान्य. पण मुरलेले चालक दोन्ही दांड्या एका हाताच्या पंजात धरून एकाच झटक्यात नेतात, आणि त्यांच्या बॉक्सचे दात मी चांगल्या अवस्थेत पाहिले आहेत. त्यामुळे दोन्ही एकत्र हलवणे म्हणजे चूकच, असे नव्या लोकांनी समजू नये.

मॅकबद्दल एक खुलासाही आवश्यक वाटतो. ड्युप्लेक्स, ट्रिप्लेक्स आणि क्वाड्रुप्लेक्स या मॅकच्या गिअरबॉक्समध्ये मुख्य आणि सहायक भाग एकाच आवरणात असतात. पाच गुणिले दोन, तीन किंवा चार, असे दहा, पंधरा किंवा वीस वेग त्यातून मिळतात. इतर बनावटीच्या बऱ्याच ट्रकांत मात्र सहायक बॉक्स चेसिसवर मागे वेगळा बसवलेला असतो आणि दोघांमध्ये एक छोटा प्रॉपेलर शाफ्ट असतो. या वेगळ्या बॉक्सला येथील चालक ‘ब्राउनी’ म्हणतात, कारण न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूजच्या ब्राउन-लाइप कंपनीचे नाव त्याला चिकटले. ब्राउनी असलेल्या गाडीत मधला शाफ्ट लांब आणि जड असतो, त्याचा वेग बदलायला थोडा जास्त वेळ लागतो. ज्याचा हात मॅकवर बसला आहे त्याने ब्राउनीवर बसताना ही सबुरी ठेवावी.

डोंगरवाट

तेलकट हात, आपली दुरुस्ती मान्य आहे, आणि शाफ्टाच्या वजनाचा मुद्दा तर मूळ लेखातच यायला हवा होता इतका मोलाचा आहे.

नवी वाट

मी न्यू जर्सीत असते आणि गेल्या वर्षी व्यावसायिक वाहन परवाना काढला. एक प्रश्न आहे. जुन्या छायाचित्रांत चालक डावा हात स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून आत घालून एक दांडी धरतो आणि उजव्या हाताने दुसरी. ही पद्धत खरोखर शिकवली जात होती का? आणि माझी परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर झाली असल्यामुळे परवान्यावर हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांना मनाई करणारा ‘ई’ निर्बंध आहे. मला हे ट्रक शिकायचे असतील तर मार्ग काय?

तेलकट हात

ती पद्धत वापरात होती, हे खरे आहे. परंतु ती कोणी अंगीकारावी असे मला मुळीच वाटत नाही, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो. त्या ट्रकांपैकी अनेकांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. पुढचे चाक खड्ड्यात किंवा कडेच्या दगडावर आपटले की स्टिअरिंग उलट फिरते आणि आऱ्यात अडकलेला हात कोपरातून किंवा मनगटातून मोडतो. हात स्टिअरिंगच्या बाहेरून नेता येतो किंवा दोन्ही दांड्या उजव्या हातात धरता येतात. हे न जमल्यास क्रमाने एकेक दांडी हलवावी. कोणत्याही वेगापेक्षा मनगट महत्त्वाचे आहे.

परवान्याबद्दल: ‘ई’ निर्बंध काढण्यासाठी हाताने गिअर बदलण्याच्या व्यावसायिक गाडीवर पुन्हा चालनपरीक्षा द्यावी लागते. जुन्या हौशी वाहनांना काही राज्ये सवलत देतात, पण नियम राज्यागणिक बदलतात. आपल्या राज्याच्या वाहन खात्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर जाऊ नये.

डोंगरवाट

नवी वाट, शिकण्यासाठी अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटीच्या स्थानिक शाखांकडे जरूर चौकशी करावी. ही संस्था १९७१ पासून आहे, आणि तिच्या मेळाव्यांत येणारे ज्येष्ठ मालक सहसा अतिशय आपुलकीने शिकवतात. माझी एकच विनंती आहे. पहिले धडे रिकाम्या गाडीवर आणि मोकळ्या मैदानात घ्यावेत, आणि त्यातही पहिला पूर्ण दिवस मुख्य दांडी एकाच गिअरमध्ये ठेवून केवळ सहायक दांडी वर-खाली करण्यात घालवावा. अंडर, डायरेक्ट, ओव्हर आणि पुन्हा परत. साडेतीनशे फेऱ्यांचा फरक कानात पक्का बसला की पुढे फेरे दाखवणारा काटा पाहावा लागत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो काटा बंदच पडलेला असतो.

जुने यंत्र

इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो. दोन दांड्या नाहीशा का झाल्या, हेही या चर्चेत यायला हवे. मिशिगनमधील कॅलमझू येथील फुलर कंपनीने रोडरेंजर गिअरबॉक्स आणला. त्यात एकाच दांडीवर हवेच्या दाबाने चालणारे बटण बसवून मागच्या भागाची रेंज बदलता येऊ लागली. ही कंपनी १९५८ मध्ये ईटनने घेतली. रोडरेंजरमध्ये चालकाला प्रत्येक मुख्य गिअर दुभंगावा, म्हणजे सहायक पायऱ्यांत विभागावा लागत नाही. खालच्या रेंजमधले सगळे गिअर संपवायचे, मग बटण एकदा बदलून तेच गिअर वरच्या रेंजमध्ये पुन्हा घ्यायचे.

मॅकने वेगळा मार्ग घेतला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या मॅक्सिडाइन इंजिनाची ताकद २३७ अश्वशक्ती होती आणि १,२०० ते २,१०० फेऱ्यांच्या दरम्यान ती जवळपास सारखीच राहत असे. धागाकर्त्यांच्या उदाहरणातील १,२३५ फेऱ्यांचा खड्डा या इंजिनाला अडवू शकत नव्हता. त्यामुळे पाच गिअर आणि एक दांडी एवढ्यावर अवजड ट्रक धावू लागला. दोन दांड्यांचा प्रश्न मॅकने गिअरबॉक्समध्ये न सोडवता इंजिनातच सोडवला, आणि मला ते त्या काळातील अभियांत्रिकीचे सर्वांत देखणे उत्तर वाटते.

सह्यकडा

माहितीबद्दल आभार. उताराविषयी कोणी लिहील का? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की ज्या गिअरला घाट चढतो, त्याच गिअरला तो उतरायचा. वीस गिअर असलेल्या गाडीला हाच नियम लागू पडतो का? आणि भारतात अशा दोन दांड्यांच्या गाड्या होत्या का, याची उत्सुकता आहे. जीपच्या जास्तीच्या दांड्या तेवढ्या मला आठवतात.

तेलकट हात

जीपचे आधी सांगतो. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि त्या पिढीच्या जीपला मुख्य दांडीखेरीज ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आणखी दोन दांड्या होत्या. एक पुढची चाके जोडण्यासाठी, दुसरी वरच्या-खालच्या रेंजसाठी. पण तिचा उद्देश वेगळा आहे. जीपची खालची रेंज चिखलात, नदीपात्रात किंवा डोंगरावर गाडी जवळपास अडीचपट सावकाश आणि जोरकस करते. चालत्या गाडीत प्रत्येक गिअरच्या मधोमध एक पायरी घालण्यासाठी ती नाही. त्यामुळे जीपचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. उलट, जीपच्या सवयीने कोणी सहायक बॉक्सची सर्वांत खालची पायरी वाटेल तेव्हा वापरली तर नुकसानच होते.

त्या खालच्या पायरीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक मोडतोड तिथली असते. समजा, मुख्य पहिला गिअर सहापट आहे, सहायकची खोल पायरी २.३ पट आणि मागचा आक्सल पाचपट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ६९ होतो, म्हणजे इंजिनाचा पीळ ६९ पटीने वाढून चाकांपर्यंत पोहोचतो. चाके घसरत नसतील आणि चालकाने क्लच झटकन सोडला, तर तो पीळ कुठेतरी बाहेर पडणारच. मग प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो, आक्सलचा शाफ्ट पिळवटतो किंवा सहायक बॉक्सचेच दात उडतात. भुसभुशीत जमिनीतून भरलेली गाडी हळुवार हलवायची असेल तेव्हाच ही पायरी घ्यावी, क्लच अगदी सावकाश सोडावा, आणि गाडी हलली की पायरी बदलावी.

डोंगरवाट

सह्यकडा, घाटाचा तुमच्याकडचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो. या ट्रकांसाठी मी त्यात एक भर घालीन. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, असे जोडगिअर निवडावे की वाटेत फेरबदल करावाच लागला तर तो एकट्या सहायक दांडीने होईल. उदाहरणार्थ, तिसरा-डायरेक्टवर उतरायला सुरुवात केली तर वर ओव्हर आणि खाली अंडर, दोन्ही पायऱ्या एका दांडीच्या अंतरावर राहतात. तिसरा-अंडरवर सुरुवात करणारा खाली जायला दोन्ही दांड्यांवर अवलंबून असतो, आणि उतारावर दोन्ही दांड्या बाहेर काढणे हा या गाड्यांतला सर्वांत मोठा धोका आहे. चढावर गाडी आपल्याला वाट पाहायला लावते. उतारावर ती दर सेकंदाला वेग घेते, इंजिन तेवढे फिरू शकत नाही, आणि एकदा निसटलेला गिअर पुन्हा पडत नाही. उरतात फक्त ब्रेक, आणि ड्रमचे ते ब्रेक तापले की पकड सोडतात.

कमिन्स डिझेल इंजिन कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स यांना १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कहोन खिंडीत हाच अनुभव आला होता. त्यांचा डिझेल ट्रक ब्रेकला दाद न देता उतरत गेला आणि खाली रेल्वेच्या फाटकावरून मालगाडी जात होती. गाडी थोडक्यात बचावली. इंजिनानेच गाडी रोखण्याचा ब्रेक त्यांनी पुढे याच प्रसंगाच्या आठवणीतून घडवला आणि जेकब्स कंपनीने तो १९६१ पासून बाजारात आणला. बी-६१ सारख्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नसतो. त्यामुळे तेथे गिअर हाच मुख्य ब्रेक आहे असे समजूनच माथा ओलांडावा.

नवी वाट

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: गाडी उभी करताना दोन दांड्यांमुळे वेगळी काही काळजी घ्यावी लागते का? आणि बिघडलेली गाडी ओढून न्यायची असेल तर?

तेलकट हात

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उभी करताना गिअरवर विसंबायचे असेल तर दोन्ही दांड्या गिअरमध्ये आहेत याची हाताने खात्री करावी. एक जरी न्यूट्रलला राहिली तरी इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटलेला असतो, आणि मुख्य दांडी पहिल्यात पाहून माणूस निश्चिंतपणे खाली उतरतो. उतारावर चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कोणत्याही जुन्या ट्रकाकडे पाठ फिरवू नये.

ओढून नेताना मागची चाके जमिनीवर राहणार असतील तर आक्सलचे शाफ्ट काढावेत किंवा प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा. अन्यथा चाके सहायक बॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवत राहतात, पण इंजिन बंद असल्यामुळे तेल उडवणारे काउंटरशाफ्ट जागचे हलत नाहीत. वरच्या बेअरिंगांना तेल मिळत नाही आणि गाडी कार्यशाळेत पोहोचेपर्यंत ती जळून जातात. आणि हो, या बॉक्समध्ये कोणते तेल घालायचे ते बॉक्सवरच्या पट्टीवरून किंवा मूळ पुस्तिकेवरून ठरवावे. दुकानात सर्वांत महाग मिळते तेच योग्य असेल असे नाही.